विकण्याआधी घरचा वाटा



खरिपाची सुगी उरकत आली आहे. बाजरीची रास झाली, सोयाबीनची पोती शिवून ओसरीवर रचली गेली, मूग-उडदाचे पैसे तर सणासुदीत येऊन खर्चूनही गेले. आता ट्रॉली भरायची, मोंढ्यावर न्यायची, काटा करायचा आणि पट्टी घेऊन घरी यायचे. पट्टी हातात पडली की सोसायटीचे देणे, खताच्या दुकानाची उधारी, मुलांची फी, लेकीच्या सासरचा मानपान असे एकेक हिशेब पुढे येतात. या सगळ्या हिशेबांत एक देणे मात्र आपण कधीच मांडत नाही. ते म्हणजे आपल्याच घरातल्या माणसांच्या ताटाचे देणे. आज त्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

पिकते शिवारात, कमी पडते ताटात

शहरातल्या माणसाला कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत घ्यावी लागते. आपले तसे नाही. धान्य आपले, डाळ आपली, दूध आपले, अंडी आपली, बांधावरचा शेवगा आपला. मग शेतकऱ्याचे घर अंगापिंडाने सगळ्यांत भरलेले असायला हवे. पण तसे दिसत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. शहरे आणि खेडी मिळून महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींचे रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांची तीच गत होती. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हेच आकडे ४८ आणि ५४ होते. मधल्या काळात रस्ते झाले, घरांवर स्लॅब पडले, दारात मोटारसायकली आल्या. आणि माणसांचे रक्त मात्र घटले.

रक्त कमी असणे हे लांबून दिसत नाही. खुरपताना दोन पाती झाल्या की बसावेसे वाटते, विहिरीवरून हंडा आणताना धाप लागते, संध्याकाळी पोटऱ्या ओढतात. पोरगे शाळेत पेंगते. आपण म्हणतो, ‘तिची प्रकृतीच नाजूक आहे’ किंवा ‘पोराचे डोके अभ्यासात नाही.’ पुष्कळदा ती प्रकृतीही नसते आणि डोकेही नसते. ताटात जे पडायला हवे ते पडलेले नसते. बाळंतपणात तर हीच उणीव जिवावर बेतते.

सगळे आहे, पण घरी नाही

मध्यंतरी एका गावी शिवारफेरीला गेलो असता बांधावर न्याहारीला बसलेल्या बायांशी बोलत होतो. एकीला विचारले, “मावशी, सकाळी काय खाल्ले?”

“चहा-बटर खाल्लं की साहेब.”

“घरी दुभते आहे का?”

“हाय ना. दोन म्हशी हायेत. दूध डेरीला जातं.”

“आणि कोंबड्या?”

“त्या बी हायेत. अंडी बाजारच्या दिवशी इकतो. त्याच पैशात पोरांना बिस्किटाचं पुडं आणते.”

त्या बाईचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. घरात रोख पैसा हवाच असतो. पण या व्यवहाराकडे जरा शांतपणे बघा. अंडे गेले आणि त्याच्या जागी मैदा, साखर व तेल घरात आले. दूध गेले आणि पातळ चहा राहिला. सोयाबीन गेले आणि त्याच्या पैशातून पिशवीतले तेल आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पूर्वी बाजरीच्या वावरात तुरीचे तास असत. मटकी, हुलगा, मूग, कडेला अंबाडी आणि भेंडी असे. एका वावरातून सहा-सात जिन्नस घरात येत. आता एका रानात एकच पीक असते आणि तेही बाजारचे. नगदी पीक घेऊ नये असे नाही. नगदीशिवाय प्रपंच चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण नगदी पिकाने वावर घेतले तेव्हा त्याबरोबर ताटही रिकामे केले, ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

पोत्यात काय आहे ते ओळखा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्याकडच्या अन्नपदार्थांची तपासणी करून त्यांचे तक्ते २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यातले थोडे आकडे सांगतो.

१०० ग्रॅम बाजरीत लोह सुमारे साडेसहा मिलिग्रॅम असते, ज्वारीत चार, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. म्हणजे दीड पाव पिठाच्या बाजरीच्या भाकऱ्या खाणाऱ्याला त्यातून जे लोह मिळते, तेवढे भातातून मिळवायचे तर त्याच्या आठ-दहा पट तांदूळ शिजवावा लागेल. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना म्हणजे कॅल्शियम असते. वाढत्या मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या हाडांना तेच लागते. शेवग्याच्या पाल्यात आणि राजगिऱ्याच्या पानांतही १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. तीळ तर याबाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे.

प्रथिनांचे बघा. १०० ग्रॅम मुगात सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यात २३ ग्रॅमच्या वर आणि सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. हे सगळे आपल्या ओसरीवरच्या पोत्यांत आहे. डब्यात भरून जाहिरात करून विकली जाणारी ताकदीची पूड आणायला तालुक्याला जायचे कारण नाही.

एक समज मात्र सोडायला हवा. गूळ खाल्ला की रक्त वाढते असे आपण धरून चालतो. गुळात थोडे लोह असते, पण एका खड्यातून मिळते ते फार तर मिलिग्रॅमभर. गूळ शेवटी गोडच. त्या गुळाबरोबर शेंगदाणे, तीळ किंवा अळीव खाल तर त्याचा खरा उपयोग. आपल्या बायका बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात ते उगीच नाही.

वाटा किती काढायचा?

‘घरी थोडेफार ठेवतोच की’, असे सगळेच म्हणतात. पण थोडेफार म्हणजे किती? पेरणीला बियाणे आपण मोजून ठेवतो. तसाच घरचा वाटाही मोजून ठेवावा. पाच माणसांच्या घराचा एक ढोबळ हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या घरात माणसे अधिक असतील तर त्या प्रमाणात वाढवा.

बाजरी किंवा ज्वारी: दर माणशी रोज दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या धरल्या तर वर्षाला पावणेतीन क्विंटल धान्य लागते. उरलेल्या वेळी गहू-तांदूळ खा, त्याला हरकत नाही.

डाळी आणि कडधान्ये: दर माणशी रोज ५५ ते ६० ग्रॅम धरले तर वर्षाला एक क्विंटल. तूर, मूग, मटकी, हरभरा, उडीद, हुलगा अशी सगळी मिळून. एकाच डाळीवर वर्ष काढू नये.

शेंगदाणे व तीळ: दर माणशी रोज २० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ३६ ते ३७ किलो. भुईमुगाच्या शेंगा ठेवायच्या तर अर्धा क्विंटल ठेवा.

सोयाबीन: पिठात मिसळण्यापुरते वर्षाला २५ ते ३० किलो, म्हणजे साधारण अर्धे पोते.

दूध: डेअरीची किटली भरण्याआधी रोज एक लिटर. विरजण लावले तर दही-ताक दोन्ही वेळा होते.

अंडी: पाच-सहा गावठी कोंबड्या असतील तर आठवड्यातली निम्मी अंडी मुलांना, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्यांना द्या. उरतील ती बाजारात न्या. अंडी न खाणाऱ्या घरांनी दूध आणि डाळ थोडी वाढवावी.

आता हा वाटा तुमच्या एकूण मालाच्या मानाने किती भरतो, ते तुमचे तुम्हीच पडताळून पाहा. वीस क्विंटल सोयाबीन विकणाऱ्याने अर्धे पोते घरी ठेवले तर त्याच्या पट्टीत किती फरक पडेल? पण मालाचा काटा झाल्यावर ‘आता काय ठेवायचे’ असा विचार करून काही ठेवले जात नाही. म्हणून वाटा रास होताच, पोती शिवण्याआधी काढायचा. तो कणगीत किंवा वेगळ्या डब्यात घालायचा आणि त्याला मध्येच नडीला हात लावायचा नाही. बियाण्याच्या थैलीला जसा आपण हात लावत नाही, तसे.

ज्यांच्याकडे रान थोडे आहे किंवा जे दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातात, त्यांना हा सगळा वाटा पिकातून निघणार नाही. त्यांनी मजुरीचे थोडे धान्य-कडधान्याच्या रूपात घेण्याची जुनी रीत जिथे जमेल तिथे चालू ठेवावी आणि बाजाराच्या दिवशी पहिली खरेदी कडधान्याची करावी, मग बाकीचे.

अंगी लागेल असे खा

धान्यातले आणि पाल्यातले लोह अंगी लागायला जरा अवघड असते. धान्यात आणि कडधान्यात लोहाला धरून ठेवणारा एक अंश असतो. तो सैल करण्याच्या युक्त्या आपल्या घरात आधीपासून आहेत. कडधान्य भिजवून मोड आणले की तो अंश कमी होतो. पीठ आंबवून केलेली आंबीलही तेच काम करते. म्हणून मटकीची उसळ आणि नाचणी-ज्वारीची आंबील ही गरिबाची अन्ने नव्हेत, ती शहाण्याची अन्ने आहेत.

दुसरी युक्ती आंबटाची. जेवताना ताटात लिंबाची फोड पिळली, पेरू किंवा आवळा खाल्ला तर त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. लिंबू शिजवताना न घालता वाढल्यावर पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासते.

तिसरी गोष्ट चहाची. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर तो लोह अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक सूचनांतही जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. चहा सोडा असे मी सांगत नाही. तो भाकरीपासून दूर ठेवा.

भाजी-आमटीला लोखंडी कढई आणि भाकरीला लोखंडी तवा वापरा. माळ्यावर टाकलेली आजीची कढई घासून खाली काढा. तिच्यातले थोडे लोह अन्नात उतरते. मात्र आंबट पदार्थ त्यात तसाच ठेवून देऊ नका, शिजल्यावर काढून घ्या.

बाजरीचे पीठ लवकर कडू होते, कारण तिच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त असतो. त्यामुळे पंधरा दिवसांचे दळण एकदम आणू नये. चार-सहा दिवसांपुरते दळून आणावे. भाकरी कडू लागते म्हणून पुष्कळ घरांतून बाजरी गेली. दोष बाजरीचा नव्हता, शिळ्या पिठाचा होता.

सोयाबीन कच्चे दळून कधीही खाऊ नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे घटक असतात. ते घालवण्यासाठी सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाकावे, २५ मिनिटे उकळू द्यावे, पाणी निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवावे. मग ९ किलो गहू किंवा ज्वारीला १ किलो या प्रमाणात मिसळून दळावे. चवीत फारसा फरक पडत नाही.

दोन इशारे

पेरणीतून उरलेले बियाणे, ज्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले आहे, ते धुऊनसुद्धा घरात खायला घेऊ नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. तसेच ओल लागून काळे पडलेले, बुरशीचे शेंगदाणे बाजूला काढून टाका. त्या बुरशीचे विष यकृतावर वाईट परिणाम करते आणि ते भाजून जात नाही. ते जनावरांनाही देऊ नयेत.

दुसरा इशारा रानभाज्यांविषयी. तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत, कुर्डू या भाज्या पेरल्याशिवाय येतात आणि ताटाला मोठा आधार देतात. पण अलीकडे बांधाबांधावर तणनाशक मारले जाते. फवारलेल्या रानातली भाजी खुडू नका. त्यापेक्षा घराजवळचा एखादा तुकडा ‘इथे फवारायचे नाही’ असे ठरवून राखून ठेवा. मोरीच्या सांडपाण्यावर दोन शेवगे, एक लिंबू, एक पेरू, दोन पपया आणि एक कढीपत्ता सहज येतात; पालेभाजीच्या वाफ्याला मात्र स्वच्छ पाणी द्या. शेवग्याचे रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात आणि पाला हाताशी येतो. पीकेएम-१ हा वाण लावला तर वर्षाच्या आत शेंगा मिळतात.

शेवटी कोण जेवते?

आता घरातल्या कर्त्या पुरुषांना एक विचारतो. तुमच्या घरी शेवटी कोण जेवते? आधी पुरुष माणसे, मग मुले, मग सासूबाई आणि सगळ्यांत शेवटी सून. तिच्या वाट्याला भाकरी येते. उसळीचा रस्सा येतो, दाणे येतात की नाही सांगता येत नाही. दूध तर येतच नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि संसारातल्या बाईला २९ मिलिग्रॅम. दर महिन्याच्या पाळीत तिचे रक्त जाते, म्हणून तिची गरज दीडपट आहे. दीडशे ग्रॅम बाजरीतून त्यातला तिसरा हिस्सा येतो; उरलेला उसळीतून, पालेभाजीतून, तिळातून, अंड्यातून यायचा असतो. जिची गरज सगळ्यांत मोठी, तिच्या ताटात उरलेसुरले, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? गाभण म्हशीला आपण आठवणीने पेंड घालतो. मग घरातल्या गरोदर लेकीसुनेसाठी वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध आधी काढून ठेवायला काय हरकत आहे? शक्य असेल त्या घरी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे. एकत्र बसले की कुणाच्या ताटात काय आहे ते आपोआप दिसते.

मात्र रक्त फारच कमी असेल तर नुसत्या खाण्याने ते लवकर भरून येत नाही. आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. लोहाच्या गोळ्या तिथे मिळतात. त्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात, चहाबरोबर घेऊ नयेत. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

पुढच्या पेरणीत वाट्याची सोय

रब्बीच्या पेरण्या चालू आहेत. ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे आणि हरभऱ्याचा एक कोपरा आत्ताच धरता येईल. पाटाच्या कडेला मेथी, पालक, कोथिंबिरीचा वाफा टाका. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, वांगे, गाजर, शेंगदाणे अशा अनेक जिनसांची भाजी करतो. ते ताट वर्षातून एकदाच का व्हावे? थंडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी होण्यासारखे आहे.

पुढच्या खरिपात बाजरीसाठी ‘धनशक्ती’ या वाणाचा विचार करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने इक्रिसॅटने विकसित केलेला हा अधिक लोहाचा वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. तो संकरित नाही, त्यामुळे काळजीपूर्वक निवडलेली कणसे पुढच्या वर्षी बियाण्याला ठेवता येतात. बियाण्याच्या उपलब्धतेसाठी विद्यापीठाच्या विक्री केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात वेळेआधी चौकशी करावी.

या आठवड्यात मात्र एवढेच करा. ट्रॉली भरण्याआधी घरातल्या बाईला ओसरीवर बोलवा, पोत्यांसमोर बसा आणि वर्षाला काय किती लागेल ते तिच्या तोंडून ऐकून वहीत लिहा. तेवढे मोजून आत ठेवा. मग खुशाल काटा करा.

हा वाटा वर्षभर किडीपासून कसा राखावा, त्याविषयी पुढील अंकी.